कोपऱ्यावरची लाँड्री आणि वाऱ्याची दिशा

तळणीचा वास घरात नको, म्हणून आमची दिवाळी दर वर्षी गराजमध्ये होते. दार अर्धं वर, टेबलावर कॅम्पिंगचा स्टोव्ह, खाली पसरलेली वर्तमानपत्रं आणि आम्ही दोघं. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका शनिवारी चकल्यांचा तिसरा घाणा कढईत असताना लेकीचा फोन आला.

"आई, बाबा, घर बहुतेक मिळतंय. ऑफर घेतली त्यांनी."

अभिनंदन करायला आम्ही तोंड उघडतोय तोच तिने पुढचं वाक्य टाकलं. "पण एक गोम आहे. कोपऱ्यावर पूर्वी ड्राय क्लीनर होता. जमिनीत पर्क आहे म्हणे. तुम्ही त्या जुन्या अपार्टमेंटमधल्या वासाबद्दल सांगता ना, तेच का हे?"

तेच ते. चकल्यांचा तो घाणा जळाला.

वाचकहो, हा लेख त्या घराबद्दल आहे आणि त्या निमित्ताने आम्हाला जो हवेचा आणि हवामानाचा अभ्यास करावा लागला त्याबद्दलही आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं आता घरं घेण्याच्या वयात आली आहेत. शाळा कशी, फ्रीवे किती लांब, देवघर कुठे बसेल, हे सगळं आपण बघतो. जमिनीखाली काय आहे आणि त्या दिवशी वारा कुठून वाहत होता, हे कोणी बघत नाही. आम्हीही बघितलं नसतं.

१९८४ साली आम्ही लॉस एंजेलिसला आलो. पाम्स भागात एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर जागा मिळाली. खाली ड्राय क्लीनिंगचं दुकान. भाडं आजूबाजूपेक्षा बरंच कमी होतं आणि ते का कमी आहे हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. आपलं नशीब उघडलं असंच वाटलं. पहिल्याच हिवाळ्यात सकाळी उठलं की घरात एक गोडसर, ईथरसारखा वास असायचा. दुपारपर्यंत तो जायचा. कधी चार-चार दिवस यायचाच नाही, तर कधी आठवडाभर हटायचा नाही. गंमत म्हणजे आम्ही त्या वासावरून हवेचा अंदाज करायला शिकलो होतो. थंडगार, निवांत, वारा पडलेली सकाळ असली की वास हमखास. वाळवंटाकडून कोरडा गरम वारा सुटला की वास गायब. पाऊस पडून गेला की हवा स्वच्छ. पावसाने सगळं धुऊन नेलं, असं आम्ही म्हणायचो. ते चूक होतं, पण ते पुढे सांगतो.

खाली जाऊन एकदा तक्रार केली. दुकानाचा मालक सज्जन माणूस. तो हसून म्हणाला की हा तर स्वच्छतेचा वास आहे. आम्हीही हसलो. आमच्यातला एक माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकलेला. टेट्राक्लोरोएथिलीनचा उत्कलनबिंदू १२१ अंश सेल्सियस, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पेट घेत नाही, तेल आणि ग्रीस झकास विरघळवतं, हे सगळं परीक्षेत लिहून आलेला. तेच टेट्राक्लोरोएथिलीन म्हणजे बाजारातलं पर्क, आणि तेच आपण रोज सकाळी चहाबरोबर हुंगतोय, हे काही डोक्यात आलं नाही. लेक १९८५ साली त्याच घरात आली. ती दोन वर्षांची झाल्यावर आम्ही जागा बदलली, तीही वासामुळे नव्हे, एक खोली जास्त हवी होती म्हणून. हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

नाकाला पर्कचा वास कळायला हवेत त्याचं प्रमाण साधारणपणे दहा लाखांत एक भाग किंवा त्याहून अधिक असावं लागतं. शहराच्या बाहेरच्या हवेत ते याच्या हजारो पटींनी कमी असतं. म्हणजे नाकाने इशारा दिला तेव्हा फार उशीर झालेला असतो. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याने १९९० च्या दशकात अशा दुकानांच्या वर राहणाऱ्यांच्या घरांतली हवा तपासली, तेव्हा तिथे पर्क इतर घरांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. कॅलिफोर्नियाने १९९१ साली त्याला विषारी वायुप्रदूषक ठरवलं. कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था त्याची गणना माणसांत बहुधा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत करते.

पर्क ज्या कुटुंबातलं, त्याला हॅलोकार्बन म्हणतात. कार्बनच्या सांगाड्याला क्लोरीन, फ्लोरीन किंवा ब्रोमीन चिकटवलं की झालं हॅलोकार्बन. कुटुंब मोठं आहे आणि आपल्या सगळ्यांच्या घरी वावरलेलं आहे. जुन्या फ्रिजमधला फ्रिऑन म्हणजे सीएफसी-१२. सोफ्याच्या फोममधलं सीएफसी-११. घराच्या जुन्या एसीतला आर-२२. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून गाड्यांच्या एसीत आलेला एचएफसी-१३४ए. कारखान्यांत धातूचे भाग धुवायचं ट्रायक्लोरोएथिलीन. आणि कपडे धुवायचं पर्क. सगळ्यांचा स्वभाव एकच, की कोणाशी चटकन भांडण करायचं नाही. पेटत नाहीत, गंजवत नाहीत. म्हणूनच कारखानदारांना प्रिय. पण भांडत नाहीत म्हणजे संपतही नाहीत. सीएफसी-१२ हवेत सोडलं की सुमारे शंभर वर्षं राहतं, सीएफसी-११ पन्नासेक वर्षं, आर-२२ बारा वर्षं. पर्कचा मुक्काम त्या मानाने लहान, काही महिन्यांचा. उन्हाच्या मदतीने हवेत हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय चपळ रेणू तयार होतात, ते त्याला हळूहळू खाऊन टाकतात.

आता हे वायू शहरात कधी साठतात आणि कधी पांगतात, हे समजायला लॉस एंजेलिससारखी शाळा नाही. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला सॅन गॅब्रिएलचे डोंगर, ज्यांचं सर्वांत उंच शिखर तीन हजार मीटरच्या वर. मधे वाडग्यासारखी सपाटी. समुद्राचं पाणी थंड, त्यामुळे त्याला टेकलेली हवाही थंड. वर पॅसिफिकवरच्या उच्च दाबामुळे हवा खाली उतरत राहते आणि उतरताना दाबली जाऊन तापते. म्हणजे खाली गार, वर गरम. एरवी खालची हवा तापते, हलकी होते, वर जाते, आणि आपला धूर बरोबर घेऊन जाते. इथे वर जायचा रस्ताच बंद. यालाच इन्व्हर्जन म्हणतात, वाडग्यावर ठेवलेलं झाकणच म्हणा ना. १५४२ च्या ऑक्टोबरात काब्रियो नावाचा दर्यावर्दी इथल्या किनाऱ्याला लागला तेव्हा मूळ रहिवाशांच्या चुलींचा आणि वणव्यांचा धूर पाहून त्याने त्या उपसागराला धुरांचा उपसागर असं नाव दिलं. तेव्हा गाड्या नव्हत्या, ड्राय क्लीनर नव्हते, झाकण मात्र होतं.

ज्यांनी पुण्याच्या जुन्या वाड्यांत लहानपण काढलंय त्यांना हे समजवायची गरज नाही. डिसेंबरच्या पहाटे पर्वतीवर गेलं की खाली शहरावर बंबांच्या धुराचा निळसर थर सपाट पसरलेला दिसायचा, आणि सूर्य वर आला की तो फाटायचा. रात्रभर आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमीन गार झालेली, तिला लागलेली हवा गार, वरची उबदार. आमच्या पाम्समधल्या हिवाळ्यातल्या सकाळी नेमकं हेच होत होतं, फक्त झाकण आणखी खाली, कधी कधी शंभर मीटरच्याही आत. दुकान तेच, यंत्र तेच, गळती तितकीच. बारा वाजता ती गळती हजार मीटर खोल हवेत मिसळत असेल, तर सकाळी सहाला शंभर मीटरमध्ये कोंबली जायची. दहापट घट्ट. कोणी जास्त प्रदूषण केलं नाही, हवेची खोलीच लहान झाली.

झाकणाइतकाच महत्त्वाचा वारा. इथे दिवसा समुद्राकडून वारा सुटतो आणि किनाऱ्यावरच्या लोकांची घाण पूर्वेला रिव्हरसाइड, सॅन बर्नार्डिनोकडे ढकलतो. रात्री डोंगराकडून मंद हवा उतरते आणि थोडी परत आणते. सॅन्टा मोनिकातल्या मंडळींना हवा छान वाटते त्याचं श्रेय त्यांच्या घरांच्या किमतीला नाही, वाऱ्याच्या दिशेला आहे. (रिव्हरसाइडच्या आमच्या मित्रांनी हे वाक्य घालायचा आग्रह केला होता.) ऑक्टोबर ते मार्चमध्ये मधूनच उलटा प्रकार होतो. आतल्या वाळवंटी पठारावर उच्च दाब तयार होतो आणि वारा खिंडींतून समुद्राकडे झेपावतो. उतरताना दर किलोमीटरला दहाएक अंश तापत येतो. हाच तो सॅन्टा ॲना. तो झाकण उडवून देतो. वणवे भडकवतो हा त्याचा दुर्गुण, पण गळणाऱ्या वायूंच्या बाबतीत त्याच्यासारखा झाडूवाला नाही.

आता पावसाचं. हॅलोकार्बन पाण्यात फारसे विरघळत नाहीत. पाऊस धूळ धुतो, अमोनिया धुतो, गंधकाची आम्लं धुतो. सीएफसी किंवा पर्कला तो ओलाही करत नाही. पावसानंतर आमचा वास जायचा तो पावसाबरोबर आलेल्या वाऱ्यामुळे आणि ढवळाढवळीमुळे. चाळीस वर्षं आम्ही पावसाचे चुकीचे आभार मानत होतो. याला एक अपवाद आहे. हल्लीच्या गाड्यांच्या एसीत एचएफओ-१२३४वायएफ नावाचा नवा वायू असतो. तो हवेत दोनेक आठवड्यांतच मोडतो, आणि त्यातून ट्रायफ्लोरोॲसेटिक आम्ल तयार होतं. ते मात्र पाण्यात छान विरघळतं, पावसातून खाली येतं, आणि मग तिथून सहजासहजी हलत नाही.

आणखी एक शंका, जी आमच्या पॉटलकमध्ये हमखास कोणीतरी काढतं: हे वायू हवेपेक्षा जड, पर्कची वाफ तर पाचपटीहून जड, मग ते खालीच बसायला हवेत, ओझोनपर्यंत पोचतात कसे? बंद डब्यात सांडलं तर थोडा वेळ खाली बसेल, हे खरं. पण मोकळ्या हवेत त्याचं प्रमाण इतकं कमी असतं की रेणूच्या वजनाला काही किंमत राहत नाही. आमटी गॅसवर खदखदत असली की डाळ तळाला बसत नाही, तसंच. वातावरण हे सतत उकळणारं पातेलं आहे. वारा पडला, रात्र झाली, की गॅस बंद केल्यासारखं होतं. तेव्हाही वायू जड म्हणून साठत नाही, ढवळणारं कोणी नसतं म्हणून साठतो.

हवामान आणि हॅलोकार्बन यांचं नातं पहिल्यांदा नीट कोणी वापरलं, हे वाचताना आम्हाला जेम्स लव्हलॉक भेटले. १९५७ साली त्यांनी एक मुठीत मावेल असा शोधक बनवला होता, जो हवेतल्या हॅलोकार्बनचा अब्जावधीतला कण टिपू शकत असे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एड्रिगोल इथे त्यांचं सुट्टीचं घर होतं. उन्हाळ्यात काही दिवस तिथे क्षितिज धुरकट व्हायचं. हे धुकं नैसर्गिक की माणसाने केलेलं? लव्हलॉकनी विचार केला की निसर्ग सीएफसी-११ बनवत नाही, मग तेच मोजावं. १९७० च्या सुमाराला त्यांनी मोजलं, आणि धुरकट दिवशी, म्हणजे युरोपकडून वारा असताना, ते कितीतरी जास्त निघालं. धुकं शहरांचं होतं. इतक्यावर कोणीही खूश होऊन पेपर लिहिला असता. पण स्वच्छ दिवशी, वारा थेट अटलांटिकवरून येत असताना, तिथेही सीएफसी-११ होतंच, दशखर्वात पन्नासेक भाग. समुद्रात कोणाचे फ्रिज होते? १९७१ च्या अखेरीला ते शॅकल्टन नावाच्या जहाजावर चढले आणि ब्रिटनहून अंटार्क्टिकाच्या दिशेने हवा मोजत गेले. सगळीकडे तेच. हे वायू जात नाहीत, साठतात, हे त्यातून उघड झालं. तरी यात काही धोका नाही असं त्यांनी त्या वेळी लिहून टाकलं, आणि पुढे ते चुकल्याचं मान्यही केलं.

या मोजण्याची बातमी १९७२ साली एका परिषदेत शेरवूड रोलंड यांच्या कानावर आली. रोलंड आमच्या शेजारच्या अर्व्हाइनच्या विद्यापीठात. त्यांनी आणि मारिओ मोलिना यांनी विचारलं, इतकं सगळं साठतंय तर शेवटी जातं कुठे? १९७४ मध्ये त्यांचं उत्तर छापून आलं: वर, ओझोनच्या थरात, आणि तिथे क्लोरीन सुटतो. पुढची गोष्ट आपल्याला माहीत आहे. १९८७ चा मॉन्ट्रियल करार, आणि १९९५ चं नोबेल, पॉल क्रुट्झन यांच्याबरोबर. यात आपल्याकडचं एक नाव घ्यायलाच हवं. वीरभद्रन रामनाथन अमेरिकेत येण्यापूर्वी सिकंदराबादला रेफ्रिजरेटरच्या कंपनीत इंजिनियर होते आणि यंत्रांतून वायू का गळतो हे शोधायचं त्यांचं काम होतं. १९७५ साली त्यांनीच दाखवलं की हे वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत रेणूमागे हजारो पट उष्णता अडवतात. गळक्या फ्रिजपाशी सुरुवात करून माणूस कुठे पोचतो बघा.

नियम करतानाही हवेने माणसाला चकवलंय. १९६६ साली लॉस एंजेलिसने धुरकं कमी करायला एक नियम आणला: उन्हात चटकन अभिक्रिया करून धुरकं बनवणारे सॉल्व्हंट कमी करा. पर्क आळशी, धुरकं बनवत नाही, म्हणून त्याला सूट मिळाली. मिथिल क्लोरोफॉर्मलाही मिळाली. ते पुढे ओझोनचं शत्रू ठरलं आणि १९९६ मध्ये बंद झालं. पर्कची पाळी यायला आणखी वेळ लागला. २००७ मध्ये कॅलिफोर्नियाने ड्राय क्लीनिंगमधून पर्क २०२३ पर्यंत पूर्ण काढायचं ठरवलं. आमच्या मंडळातल्या एका जोडप्याचं दुकान होतं. यंत्राचं कर्ज फिटतं न फिटतं तोच नवीन यंत्र घ्यायची वेळ आली. त्यांनी पाण्यावर चालणारं घेतलं, आणि पहिले सहा महिने गिऱ्हाइकांच्या साड्यांची जर काळी पडेल या धास्तीने झोपले नाहीत. त्यांना कोणी खलनायक म्हणू नये. त्यांनीही तीच हवा पंचवीस वर्षं, आमच्यापेक्षा कितीतरी जवळून, घेतली आहे.

हवामानाचा उपयोग चोर पकडायलाही होतो. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की सीएफसी-११ जितक्या वेगाने कमी व्हायला हवं तितक्या वेगाने होत नाही. २०१० पासून जगभर बंदी असताना कोणीतरी २०१२ नंतर ते नव्याने बनवत होतं. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर गोसान इथे आणि जपानच्या हातेरुमा बेटावर हवा सतत मोजतात. तिथे काही दिवस आकडे एकदम वर जायचे. त्या त्या दिवशीचा वारा संगणकावर उलटा चालवून बघितला, की ही हवा काल कुठे होती, परवा कुठे होती. २०१९ मध्ये उत्तर आलं: पूर्व चीन, मुख्यतः शानतुंग आणि हपेइ प्रांत. त्यानंतर तिथलं उत्सर्जन झपाट्याने खाली आलं. लव्हलॉकनी सुट्टीच्या घरी केलं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

तर आता लेकीचं घर.

घर सॅन गॅब्रिएल व्हॅलीत. या खोऱ्यातल्या विहिरींत १९७९ साली ट्रायक्लोरोएथिलीन, पर्क, कार्बन टेट्राक्लोराइड सापडलं, आणि १९८४ मध्ये तिथले चार भाग सुपरफंडच्या यादीत गेले. कारखान्यांनी वर्षानुवर्षं जमिनीत ओतलेलं. लेकीच्या घरापाशीचं प्रकरण त्यामानाने लहान, एका दुकानापुरतं. पण जमिनीतली वाफ मातीतून सरकते आणि पायाच्या भेगांतून घरात शिरते. विकणाऱ्याने हवेची चाचणी करून घेतली होती. सहा लिटरचा पोलादी डबा, आतली हवा काढून घेतलेली. तो चोवीस तास घरात ठेवून हळूहळू आतली हवा भरून घेतात. अहवालात आकडा मर्यादेच्या निम्म्याहून कमी होता. एजंट म्हणाला, घर स्वच्छ आहे, सही करा.

आम्ही अहवालावरची तारीख बघितली आणि एकमेकांकडे बघितलं. ती तारीख आम्हाला पाठ होती. त्याच शनिवारी मंडळाची कोजागरी होती आणि सॅन्टा ॲना असा सुटला होता की आटवलेल्या दुधात युकॅलिप्टसची पानं पडली, तंबूचा एक खांब उखडला आणि शेवटी पूजा एकाच्या गाडीच्या आडोशाला उरकावी लागली. बाहेर ९२ अंश फॅरनहाइट, म्हणजे हीटर बंद. वारा इतका की जुन्या घराच्या प्रत्येक फटीतून हवा आरपार. त्या दिवशी त्या घरात काहीही साठणं अवघड होतं.

घराच्या बाबतीत हवामान बाहेरच्यापेक्षा जास्त खोड्या करतं. थंडीत हीटर लावला की आतली गरम हवा वर जाऊन छपरातून निसटते आणि तिची जागा भरायला घर खालून, जमिनीतून, हवा ओढतं. वादळापूर्वी हवेचा दाब उतरतो तेव्हा माती आपला साठा बाहेर सोडते. दाब चढला की उलट. आणि पाऊस पडून अंगण भिजलं की ओल्या मातीतून वायूला वर यायची वाट बंद होते, मग तो कोरड्या मातीकडे वळतो. कोरडी माती कुठे असते? घराच्या खाली. म्हणजे ज्या पावसाचे आम्ही पाम्समध्ये आभार मानले, तो इथे उलटाच वागतो. या कारणांमुळेच कॅलिफोर्नियाच्या नियामकांच्या मार्गदर्शनात एका चाचणीवर विसंबू नका, निदान दोन ऋतूंत हवा तपासा, असं म्हटलेलं आहे. एजंटला हे माहीत नसेल असं आम्हाला वाटत नाही.

लेक म्हणाली, "दुसरी टेस्ट मागितली तर घर हातचं जाईल. मागे तीन जण उभे आहेत." खरंच उभे होते. जावई गप्प होता. ती तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. आम्ही दोघांनी तिला पाम्सचं सगळं सांगितलं, यूडीसीटीसकट. सल्ला दिला नाही. म्हणजे द्यायचा नाही असं ठरवून गेलो होतो, आणि अर्ध्या तासात दिला.

तिने मुदत वाढवून मागितली. विकणाऱ्याने चार दिवस उत्तर दिलं नाही आणि मग जानेवारीपर्यंत थांबायला तयार झाला. मागच्या तिघांपैकी दोघांनी तोच प्रश्न विचारल्यामुळे असेल. डिसेंबरभर आम्ही हवामानाचा अंदाज असा वाचत होतो जसा लोक शेअर बाजार वाचतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पॅसिफिकवरून वादळ यायचं होतं. आदल्या दिवशी सकाळी डबा ठेवला. खिडक्या बंद, हीटर चालू, दाब उतरत होता, रात्री पाऊस सुरू झाला. तंत्रज्ञ मुलगा तरुण होता. तो म्हणाला की इतका हवामान बघून दिवस निवडणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं.

दहा दिवसांनी अहवाल आला. ऑक्टोबरच्या आकड्याच्या पाचपटीहून थोडा जास्त. मर्यादेच्या दुपटीच्या वर.

यावर उपाय आहे आणि तो फार महागही नाही. तळाच्या काँक्रीटला भोक पाडून खाली पाइप घालतात, त्याला छोटा पंखा जोडतात, आणि पाइप छपराच्या वर नेतात. घराखालचा दाब घरातल्यापेक्षा कमी राहतो, मग हवा घरातून खाली जाते, खालून वर येत नाही. ज्या राज्यांत रेडॉन जास्त आहे तिथल्या वाचकांनी हे पाहिलं असेल. खर्च विकणाऱ्याने उचलला, किंमतही थोडी उतरली. पंखा बसवल्यावर फेब्रुवारीत, पुन्हा पावसाळी दिवस बघून, तिसरा डबा ठेवला. त्यातला आकडा बाहेरच्या हवेइतकाच निघाला. मार्चमध्ये ते राहायला गेले, एप्रिलमध्ये आम्हाला नात झाली.

बारशाला आलेल्या एका मित्राने छपरावरचा पाइप बघून विचारलंच, "म्हणजे घरातलं काढून आमच्या हवेत सोडता होय?" हो, सोडतो. रोज थोडंसं पर्क त्या पाइपमधून बाहेर जातं, दुपारी समुद्राच्या वाऱ्याबरोबर पूर्वेला सरकतं, पातळ होत होत डोंगर ओलांडतं, आणि काही महिन्यांत मोडतं. रिव्हरसाइडच्या मित्रांना आम्ही हे अजून सांगितलेलं नाही. कोपऱ्यावरच्या जमिनीची सफाई सुरू आहे, ती संपेपर्यंत पंखा चालू राहणार.

पंख्याचा आवाज रात्री नातीच्या खोलीत बारीक ऐकू येतो. तो बंद पडला तर कळावं म्हणून पाइपवर दाब दाखवणारी एक काचेची नळी असते, तिच्यात लाल पाणी. तिच्याकडे गेलो की आम्ही आधी ती नळी बघतो, मग नातीला उचलतो.